घड्याळाशेजारची गर्दी

वॉलपेपर दिसला म्हणजे कॉम्प्युटर सुरू झाला, असं फक्त नवख्या माणसाला वाटतं. आठ-दहा वर्षं वापरात असलेल्या यंत्रासमोर रोज बसणाऱ्याला खरी परिस्थिती ठाऊक असते. पडद्यावर डोंगर येतो, समुद्र येतो, माउसही हलतो. पण काही उघडायला जावं तर ते निळं वर्तुळ गोल गोल फिरत राहतं. डब्यावरचा हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकत नाही, सलग पेटलेला असतो. उजव्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, एकेक चित्र उगवू लागतं. आधी आवाजाचं, मग अँटिव्हायरसचं, मग प्रिंटरवाल्या कंपनीचं, मग कधीतरी एका व्हिडिओ कॉलपुरत्या घेतलेल्या आणि पुन्हा कधीही न उघडलेल्या कुठल्याशा प्रोग्रॅमचं. शेवटचं चित्र येऊन दिवा निवेपर्यंत चहा उकळून होतो. कित्येक कार्यालयांत तर सकाळच्या पहिल्या चहाची वेळ याच हिशेबाने ठरलेली आहे.

एवढ्या सगळ्यांना बोलावलं कोणी?

प्रश्न साधा दिसतो. पण गेल्या चाळीस वर्षांत त्याचं उत्तर बदलत गेलं आहे. संगणक सुरू होताना काय काय आपोआप चालू व्हावं याची यादी प्रत्येक यंत्रात असते. ती यादी सुरुवातीला मालक लिहायचा. पुढे ती इतरांनी लिहायला घेतली, आणि मालकाच्या हाती राहिलं ते फक्त खोडणं.

डॉसच्या काळात ही यादी म्हणजे दोन साध्या मजकुराच्या फायली होत्या: कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट. नोटपॅडसारख्या कुठल्याही एडिटरमध्ये उघडाव्यात, वाचाव्यात, नको ती ओळ काढून टाकावी. माउस हवा तर माउसची ओळ, सीडी ड्राइव्ह हवा तर त्याची. आणि प्रत्येक ओळीची किंमत मोजावी लागे. १९८१ च्या आयबीएम पीसीतल्या ८०८८ प्रोसेसरला एक मेगाबाइटपलीकडची मेमरी दिसतच नसे. त्यातला वरचा ३८४ किलोबाइटचा तुकडा पडदा आणि रॉम यांच्यासाठी राखलेला. खाली उरले ६४० किलोबाइट. पुढे यंत्रात कितीही मेमरी भरली तरी डॉसचे नेहमीचे प्रोग्रॅम याच ६४० मध्ये दाटीवाटीने बसत. १९८४ मध्ये बोर्लंड कंपनीने साइडकिक नावाचा प्रोग्रॅम आणला. तो सुरू होऊन मेमरीत मुक्काम ठोकायचा आणि कंट्रोल व ऑल्ट या दोन कळा एकत्र दाबल्या की चालू कामाच्या वर कॅलक्युलेटर, वही, कॅलेंडर घेऊन हजर व्हायचा. लोकांना ही जादू फार आवडली. लगेच त्या जातीचे प्रोग्रॅम डझनांनी निघाले, एकमेकांच्या जागेवर पाय देऊ लागले आणि मशीन हँग होऊ लागली.

मग काटकसरीचं एक शास्त्रच तयार झालं. १९९१ च्या डॉस ५ ने काही प्रोग्रॅम ६४० च्या वरच्या फटींमध्ये चढवायची सोय दिली. १९९३ च्या डॉस ६ मध्ये ती जुळवाजुळव करून देणारा मेममेकर आला, सुरुवातीलाच पर्यायांची यादी दाखवण्याची सोय आली, आणि एफ-८ ही कळ आली. ती वेळेत दाबली की डॉस प्रत्येक ओळीशी थांबून विचारायचा: ही चालवू का? होय की नाही? एखादा मोठा गेम खेळण्यासाठी पोरं एक यादी ठेवत, बाबांच्या हिशेबासाठी दुसरी. काही इन्स्टॉलर तेव्हाही या फायलींत आपली ओळ घुसवत, हे खरं. पण ती उघड्यावर असे, आणि सगळी यादी बहुधा एका पडद्यात मावे. पुढे कुठल्याच विंडोजने मालकाला इतक्या आदबीने, ओळीगणिक, रोजच्या वापरात विचारलं नाही.

१९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये स्टार्टअप नावाचा गट आला. त्यात ज्याचं चित्र टाकावं ते सुरुवातीला चालू. ही सोयसुद्धा मालकासाठीच होती. खरा बदल १९९५ मध्ये झाला. विंडोज ९५ च्या जाहिरातीत रोलिंग स्टोन्सचं स्टार्ट मी अप हे गाणं वाजलं, आणि सुरू होतानाची ती काही सेकंदांची सुरावट ब्रायन ईनो याने बांधली. (ती आपण मॅकवर केली, असं पुढे त्यानेच सांगितलं.) सुरावट संपली तरी यंत्र तयार झालेलं नसे, हा भाग वेगळा. त्या गाजावाजात स्टार्टअपचं फोल्डर तसंच राहिलं. पण यादी लिहिण्याची मुख्य जागा आता रजिस्ट्री नावाच्या कोठारात गेली होती, रन नावाच्या एका कप्प्यात. कोणताही प्रोग्रॅम इन्स्टॉल होताना तिथे आपलं नाव लिहून ठेवी. मालकाला त्याचा पत्ता लागत नसे, कारण तो कप्पा उघडून बघायचा असतो हेच शंभरातल्या नव्याण्णवांना ठाऊक नव्हतं. त्याच विंडोजमध्ये घड्याळाशेजारची छोट्या चित्रांची जागाही आली. कंपन्यांच्या दृष्टीने ती पडद्यावरची कायमची, फुकटची पाटी होती.

त्या वर्षांतल्या एखाद्या मशीनची यादी वाचावी तर संगणकाच्या त्या काळाचा इतिहासच हाती लागतो. मायक्रोसॉफ्ट ऑफिस स्वतःचा एक तुकडा आधीच चढवून ठेवी, म्हणजे पुढे वर्ड चटकन उघडलं असं वाटावं. अॅडोबी रीडरचा स्पीड लाँचर हेच पीडीएफसाठी करी. क्विकटाइमचं चित्र घड्याळाशेजारी बसे. कशासाठी, ते त्यालाच माहीत. रिअलप्लेअरच्या नोंदीचं नाव टीकेबेलएक्सई असं होतं. हे वाचून हा रिअलप्लेअर आहे असं ओळखणारा माणूस विरळा. जावाचा अपडेट पाहणारा प्रोग्रॅम नवी आवृत्ती आली का, हे महिन्यातून कधीतरी विचारायचा. पण त्यासाठी रोज सकाळी हजेरी लावून दिवसभर मेमरीत बसून राहायचा. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं. वर्ड दोन सेकंद लवकर उघडलं तर कोणाला नको आहे? पण हे दोन सेकंद सकाळच्या चहातून कापून घेतलेले असत, आणि ज्याला त्या दिवशी वर्ड उघडायचंच नाही त्याच्याकडूनही वसूल होत.

जुन्या मशीनला हे इतकं का जाचतं, याचं कारण बहुतेक लोक प्रोसेसरमध्ये किंवा मेमरीत शोधतात. मेमरी कमी असेल तर ती आडवी येतेच; पण सुरुवातीच्या त्या पाच मिनिटांतला खरा गुन्हेगार हार्ड डिस्क असतो. लॅपटॉपमधली साधी डिस्क मिनिटाला ५४०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला अकरा मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ. हवा तो भाग वाचणाऱ्या काट्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं. त्यात काटा एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर सरकवायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद. हिशेब केला तर इकडचा-तिकडचा तुकडा वाचायचं काम अशी डिस्क सेकंदाला साठ-सत्तर वेळा, फार तर शंभर वेळा करू शकते. एकाच प्रोग्रॅमची फाईल सलग वाचायची असेल तर तीच डिस्क झपाट्याने वाचते. पण वीस प्रोग्रॅम एकदम जागे झाले, प्रत्येकाने आपापल्या पन्नास फायली मागितल्या, की पंगतीत एकच वाढपी आणि सगळी पानं एकदम हाका मारताहेत अशी गत होते. तो धावून धावून दमतो, आणि कोणाच्याच पानात भात पडत नाही. दोन प्रोग्रॅमना एकामागोमाग जितका वेळ लागेल त्याहून कितीतरी जास्त वेळ त्यांना एकत्र लागतो, तो यामुळे. म्हणूनच यादीतली पाच नावं कमी केली तर फरक पाच नावांपुरता राहत नाही.

नावं कमी करायची तर आधी यादी दिसायला हवी. विंडोज ९८ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच एमएसकॉन्फिग नावाचा प्रोग्रॅम दिला: टिचक्या काढा, मशीन पुन्हा सुरू करा. पुढे विंडोज २००० मध्ये तो गायब, एक्सपीत परत हजर. दुरुस्ती करणाऱ्या एका अख्ख्या पिढीने या एका चौकटीवर पोट भरलं. पण त्यात दिसे ती यादी अपुरी होती. पूर्ण यादी दाखवली ती मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांच्या ऑटोरन्सने. हा छोटासा, फुकट प्रोग्रॅम चालवला की पहिल्यांदा माणूस दचकतो. रन कप्पा आणि स्टार्टअप फोल्डर हे हिमनगाचं टोक निघतं. खाली सर्व्हिसेस, ड्रायव्हर, ठरावीक वेळी चालणारी कामं, एक्सप्लोररला चिकटलेले तुकडे, ब्राउझरच्या पुरवण्या अशा शेकडो नोंदी. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायची सोय त्यात आहे. ती वापरली की यादी माणसात येते. ज्यांची मूळ फाईल केव्हाच पुसली गेली आहे अशा नोंदी पिवळ्या रंगात दिसतात. प्रोग्रॅम जातो, त्याचं नाव मात्र वर्षानुवर्षं पुकारलं जात राहतं.

याच रुसिनोविचला २००५ मध्ये स्वतःच्या मशीनवर एक नोंद सापडली, जी कुठल्याच यादीत दिसत नव्हती. शोध घेता घेता ती सोनी बीएमजीने विकलेल्या गाण्यांच्या एका सीडीपर्यंत पोचली. सीडीची नक्कल होऊ नये म्हणून कंपनीने त्यात एक प्रोग्रॅम घातला होता. सीडी विंडोजमध्ये लावली की तो स्वतःला बसवून घेई, मशीनबरोबर सुरू होई, आणि ठरावीक अक्षरांनी सुरू होणारी प्रत्येक फाईल विंडोजच्याच नजरेआड करी. ही लपण्याची जागा मग व्हायरस लिहिणाऱ्यांनीही वापरली. ३१ ऑक्टोबर २००५ ला रुसिनोविचने हे जाहीर केलं आणि एकच गदारोळ उडाला. खटले झाले, सीडी परत मागवाव्या लागल्या. पैसे देऊन गाणी विकत घेणाऱ्याच्या यादीत चोरून नाव लिहिण्याचा हा प्रकार एका मोठ्या, प्रतिष्ठित कंपनीचा होता, ही त्यातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने रुसिनोविचची कंपनीच विकत घेतली. ऑटोरन्स आजही तिथूनच मिळतं.

व्हायरसला तर या यादीवाचून गत्यंतरच नसतं. सर्वांच्या आधी जागं होणं हीच त्याची पहिली गरज. १९८६ मध्ये लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ब्रेन व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसायचा, म्हणजे डॉसच्याही आधी. ६ मार्चला जागा होणारा मायकेलअँजेलो त्याच जातीचा. पुण्यात कॅलक्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्त करणारे कैलास काटकर यांचे धाकटे भाऊ संजय यांनी याच मायकेलअँजेलोवर उतारा लिहिला, आणि त्यातून १९९० च्या दशकाच्या मध्यावर क्विक हील उभं राहिलं. चोराच्या आधी उठायचं तर पहारेकऱ्याला रात्रभर जागंच राहावं लागतं. त्यामुळे गंमत अशी की, जुन्या मशीनच्या यादीत सर्वांत जड नोंद बहुधा अँटिव्हायरसचीच असते, आणि नेमकी तीच काढायची नसते. दोन अँटिव्हायरस एकाच मशीनवर नांदत असतील तर मात्र एकाला निरोप द्यावा. ते एकमेकांवरच पहारा करत बसतात.

खोडण्याच्या उत्साहात मराठी माणसाचा हात कुठे भाजतो, हे सांगायलाच हवं. एक्सपीच्या काळात मशीन हलकी करण्याच्या बहुतेक इंग्रजी सल्ल्यांमध्ये सीटीएफमॉन या नोंदीला बिनकामाची म्हणून काट मारलेली असे. अमेरिकेत, फक्त इंग्रजी टाइप करणाऱ्याला, ती होतीही बिनकामाची. पण भाषा बदलण्याची पट्टी हीच नोंद चालवायची. ती काढली की पट्टी गेली, आणि इनस्क्रिप्टने मराठी लिहिणारा माणूस सकाळी उठून पाहतो तर यंत्राला फक्त एबीसीडी येतेय. ऑफिस इन्स्टॉल असेल तर ती नोंद काही दिवसांनी आपोआप परत येई, त्यामुळे गोंधळात भरच. विंडोज १० मध्ये तेच काम ठरावीक वेळच्या कामांच्या यादीत गेलं. तिथलं ते काम बंद केलं तर काही जागी टाइपच होत नाही, अगदी स्टार्टच्या शोधचौकटीतसुद्धा. लोक कीबोर्ड बदलून बघतात.

छपाईच्या धंद्यातली तऱ्हा आणखी निराळी. लग्नपत्रिका, जाहीर नोटिसा, दिवाळी अंक यांचं डीटीपी गेली पंचवीस-तीस वर्षं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीवर किंवा सी-डॅकच्या आयएसएमवर चालत आलं. युनिकोड येण्याआधीची ही व्यवस्था. पेजमेकरला किंवा कोरलला देवनागरी कशाशी खातात हे ठाऊक नसे. मागे श्रीलिपी चालू असेल तरच स्क्रोल लॉकसारखी एखादी कळ दाबून कीबोर्डवरून मराठी अक्षरं उतरत. शिवाय त्या सॉफ्टवेअरला परवान्याचं कुलूप असे. आधी प्रिंटरच्या पोर्टला, पुढे यूएसबीला लावायचा तो छोटा ठोकळा, आणि त्याला ओळखणारा ड्रायव्हर मशीनबरोबरच सुरू व्हायला हवा. म्हणजे बाहेरून आलेल्या मुलाने एमएसकॉन्फिग उघडून ओळखीची नसलेली सगळी नावं सरसकट बंद केली की मशीन खरंच पळू लागे. आणि ऑपरेटर कामाला बसला की पत्रिकेवरचं चि. सौ. कां. इंग्रजी अक्षरांच्या जंजाळात उमटे. अनोळखी आणि अनावश्यक यांत फरक असतो. तो त्या मशीनवर काय काम चालतं हे विचारल्याशिवाय कळत नाही. चांगला दुरुस्तीवाला हे आधी विचारतो. बाकीचे फॉरमॅट मारतात.

उलट दिशेने, म्हणजे रिकाम्या पाटीपासून विचार केला तर काय होतं, हे २००८ मध्ये दोन लोकांनी दाखवलं. इंटेलमधले आर्यन व्हॅन द व्हेन आणि औके कॉक यांनी अमेरिकेत पोर्टलंडला भरलेल्या लिनक्सवाल्यांच्या परिषदेत असूसचा ईई पीसी पाच सेकंदांत सुरू करून दाखवला. ईई पीसी म्हणजे त्या काळच्या सर्वांत स्वस्त, सर्वांत अशक्त लॅपटॉपांपैकी एक. त्यांनी यादीतून काय काढता येईल असं विचारलंच नाही. आधी पाच सेकंदांचं अंदाजपत्रक मांडलं: कर्नलला एक सेकंद, सुरुवातीच्या जुळणीला एक, ग्राफिक्सला एक, डेस्कटॉपला दोन. यात ज्याला जागा मिळेल तो आत. शिवाय सुरू झालं याची त्यांची व्याख्या कडक होती. पडदा दिसणं पुरेसं नाही. प्रोसेसर आणि डिस्क दोन्ही निवांत झाले पाहिजेत. नेहमीच्या लिनक्समध्ये लॅपटॉप सुरू होताना सेंडमेल हा टपाल पोचवणारा सर्व्हर उठून बसे आणि सेकंदं खाई. लॅपटॉपवर टपाल कचेरी कोण चालवतं? पण कोणीतरी चालवत असेल म्हणून सगळ्यांनी थांबायचं, अशी ती रीत होती. दोन वर्षांनी लेनार्ट पोटरिंग आणि के सिव्हर्स यांनी लिनक्स सुरू करून देणारं सिस्टमडी आणलं. त्यावरून लिनक्सवाल्यांत जी भांडणं झाली ती अजून मिटलेली नाहीत. पण त्यात एक आज्ञा आहे, सिस्टमडी-अॅनालाइझ ब्लेम. ती दिली की सुरुवातीला कोणी किती वेळ खाल्ला याची उतरती यादी समोर येते. ब्लेम हे नाव ज्याने ठेवलं त्याला मानलं पाहिजे.

विंडोजने असा हिशेब मांडायला २०१२ उजाडलं. विंडोज ८ च्या टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपचा वेगळा टॅब आला, आणि प्रत्येक नावापुढे भार लिहिलेला: कमी, मध्यम, जास्त. त्यामागचं माप ठरलेलं आहे. सुरुवातीला प्रोसेसरचा एक सेकंदाहून जास्त वेळ किंवा डिस्कवर तीन मेगाबाइटहून जास्त वाचन-लेखन झालं, तर जास्त. आज जुनं मशीन घेऊन बसलेल्याने कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून इथूनच सुरुवात करावी. बंद केलेली नोंद पुसली जात नाही, पुन्हा चालू करता येते. म्हणून एका वेळी दोन-तीनच बंद करून एक दिवस काम करून बघणं शहाणपणाचं. प्रिंटरचा मदतनीस, गाण्यांच्या अॅपचं चित्र, मीटिंगचा प्रोग्रॅम, गेमची दुकानं यांना सकाळी उठायचं कारण नाही; हवं तेव्हा उघडले की उघडतात. टचपॅड, आवाज, अँटिव्हायरस आणि भाषेशी संबंधित काहीही असेल तर हात आखडता घ्यावा.

त्याच विंडोज ८ ने एक मेख मारून ठेवली. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर मशीन बंद करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलून आणला जातो. वेळ वाचतो, पण एकदा बंद करून चालू करून बघा, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रामबाण उपाय त्यामुळे निम्मा लागू पडेनासा झाला. खरोखर नव्याने सुरू करायचं तर शटडाउन नव्हे, रीस्टार्ट निवडावं लागतं.

हे सगळं करूनही जुन्या डिस्कला मर्यादा आहेच. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की फिरणं-सरकणंच संपतं. सेकंदाला शंभराच्या जागी हजारो तुकडे वाचले जातात आणि तेच मशीन नवं वाटतं. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीनंतरचे प्रोसेसर लागतात. त्यामुळे अजून धडधाकट असलेली असंख्य मशीनं आता एसएसडी आणि लिनक्स यांच्यावर आणखी काही वर्षं ओढली जातील. पण एसएसडी बसली की यादीकडे कोणी बघत नाही, आणि ती पुन्हा वाढू लागते. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरने २०२१ मध्ये स्टार्टअप बूस्ट आणलं: ब्राउझर उघडलेला नसतानाही त्याचा काही भाग मागे चालू ठेवायचा, म्हणजे उघडताना चटकन उघडेल. ऑफिसने पंचवीस वर्षांपूर्वी केलेली युक्तीच ही.

यादीत वर्षानुवर्षं एकही नवं नाव न आलेली मशीनंही आहेत. एखाद्या जुन्या छापखान्याच्या कोपऱ्यात एक्सपीवर चालणारा, इंटरनेटची वायर मुद्दाम कधीच न जोडलेला कॉम्प्युटर अजून सापडतो. त्यावर श्रीलिपी, पेजमेकर, प्रिंटरचा ड्रायव्हर, कुलपाचा ड्रायव्हर, बस. पत्रिकेचा मजकूर पेन ड्राइव्हवर येतो, आणि तो पेन ड्राइव्ह आधी शेजारच्या मशीनवर तपासून घ्यायचा असा मालकाचा दंडक असतो.